कुसळमाळावरची वस्ती

बोरखडीच्या लोकांनी कुसळमाळ वाचवायला एकशे बारा हरकती लिहून दिल्या आणि त्या एकशे बारा हरकतींत खरं ते सोडून बाकी सगळं लिहिलं. कुणी लिहिलं, माळावर काळविटं आहेत. कुणी लिहिलं, गावच्या गुरांना दुसरं गायरान नाही. शिकलेल्या पोरांनी हरित पट्ट्याचा नकाशा जोडला, वर हिरवी पेन्सिल फिरवली आणि ग्लोबल वॉर्मिंगवरही एक पान लावून दिलं. सुप्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी त्या माळावर सहाशे घरांची वसाहत करायची आणि त्यासाठी नकाशातला हिरवा रंग पुसून पिवळा करायचा, असं वर घाटत होतं. गाव चिडलं होतं हे खरं. पण चिडण्यापेक्षा घाबरलं जास्त होतं, आणि कशाला घाबरलं होतं ते कागदावर उतरवायला कुणाचाही हात धजत नव्हता.

बन्सीनं हरकत दिलीच नाही. तो आपला रोजच्यासारखा चौदा शेळ्या घेऊन माळावर गेला. वय सहासष्ट, बोलणं कमी. विचारलं तर उत्तर देणार, तेही अर्धं. उरलेलं अर्धं समोरच्यानं समजून घ्यायचं. त्याचा मुलगा प्रवीण सुप्याला कारखान्यात होता, तिथंच बायको-पोरं घेऊन एका खोलीत भाड्यानं राहायचा, आणि त्या सहाशे घरांच्या यादीत प्रवीणचंही नाव होतं. त्यामुळं गावातल्या पोरांनी ठरवून टाकलं होतं, की म्हातारा पोराच्या घरासाठी मूग गिळून बसलाय. पोरंच ती. त्यांना म्हाताऱ्याच्या दुपारी कुठं ठाऊक होत्या!

ऊन डोक्यावर आलं आणि कुसळी गवतावर झळा नाचायला लागल्या, की माळावर माणसं उभी राहायची. एकेकटी, लांब लांब, आपापल्या जागेवर. बोलायची नाहीत, हलायची नाहीत. शेळ्या त्यांच्या पायाशी खुशाल चरायच्या. हिवराच्या झाडापासून उगवतीला बावीस पावलांवर आक्काबाईचा थोरला उभा राहायचा, आता पन्नाशी ओलांडलेला, बापासारखे कमरेवर हात ठेवून. मोठ्या खडकाच्या पाठीमागं मार्थाबाईंचा मुलगा. रुंद कपाळ, मागं सरलेले केस, हुबेहूब बाप, कृपादान मास्तर. ओघळीच्या काठाला बनुबाईच्या जुळ्या, एकीनं दुसरीचा हात धरलेला. सगळ्यांची तोंडं गावाकडं. पहिल्यांदा दिसली तेव्हा बन्सी शेळ्या टाकून घरी पळाला होता. पुढं त्याला सवय झाली, म्हणजे असल्या गोष्टीची माणसाला जितकी होते तितकी.

ही सगळी माणसं तान्ही असतानाच गेलेली. त्यातल्या बहुतेकांना बन्सीनंच पुरलं होतं, आणि तरी ती वर्षाच्या वर्षाला वयानं वाढत होती.

बोरखडीत दात न आलेलं लेकरू गेलं तर माळावर पुरतात. मग घर मराठ्याचं असो, धनगराचं असो की बौद्धाचं. बाप्तिस्म्याआधी गेलेलं ख्रिस्ती घरचं लेकरूही तिथंच. न्यायला पुरुष जातात. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचं, कमरेइतका खड्डा घ्यायचा, वर मीठ, माती, दगड आणि खोकडानं उकरू नये म्हणून बाभळीचे काटे. आईला जागा सांगायची नाही. कळली तर ती तिथंच जाऊन बसेल, तिचा पान्हा आटणार नाही आणि पुढं कूस उजवणार नाही, असं जुनी माणसं सांगत. म्हणून खणणाऱ्यानं तोंडाला कुलूप लावायचं. आणि बापानं स्वतःच्या लेकराचा खड्डा खणायचा नाही, बघायचा नाही, विचारायचाही नाही.

खणणारं घर बन्सीचं. त्याच्या वडिलांनी, भीमानं, छप्पन साली धम्म घेतला आणि गावकीची सगळी कामं एका दिवसात फेकून दिली. मेलेलं जनावर ओढणं बंद, दवंडी बंद. मग त्याच साली गावातलं एक तान्हं गेलं आणि त्याचा बाप लुगड्याचं गुंडाळं हातात घेऊन भीमाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचे हात इतके थरथरत होते की भीमानं आधी ते गुंडाळं घेतलं आणि मग कुदळ घेतली. त्याबद्दल त्यानं कुणाकडून कधी ओंजळभर दाणेसुद्धा घेतले नाहीत. "ही गावकी न्हाई," तो म्हणायचा, "हे आपल्या मनाचं हाय." बन्सी हाताशी आला तसं भीमानं त्याला सगळा माळ चालून दाखवला. या खडकापासून इतकी पावलं, त्या बोरीपासून इतकी. पुढचे खड्डे बन्सीनं घेतले. बन्सीच्या मोजणीतले, दोघांचे मिळून त्र्याऐंशी. शेवटचा एकोणीस वर्षांपूर्वीचा. नंतर लेकरं दवाखान्यात जन्मायला लागली आणि जगायलाही लागली.

त्या त्र्याऐंशी जागांवरची माणसं बन्सीला दुपारी दिसायची. चौऱ्याऐंशीव्या जागेवरची दिसायची नाही. ती त्याची स्वतःची.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी बायकोची, चांगुणाबाईची, पहिली खेप. मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली; बारसं व्हायचं होतं ते राहिलंच. नियमाप्रमाणे भीमानं नातीला उचलून नेलं. बन्सी वेशीपाशी गुडघ्यात डोकं घालून बसून राहिला. भीमा परत आला, त्यानं कुदळ धुतली आणि तो दोन दिवस जेवला नाही. पुढं सात वर्षांनी भीमा अंथरुणाला खिळला, तेव्हा एका सकाळी त्यानं बन्सीचं मनगट धरलं. "तुजी पोरगी," तो म्हणाला, "म्या तिला..." आणि बन्सीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. नियम होता ना! आयुष्यभर दुसऱ्यांच्या बापांना जो लावला, तो स्वतःला कसा मोडायचा? दुसऱ्या दिवशी भीमा गेला. त्या एका हाताला बन्सीनं कधी क्षमा केली नाही. वडिलांचा पुण्यानुमोदन विधी होताच त्यानं मजुरी सोडली, दोन शेळ्या घेतल्या आणि तो माळावर जायला लागला.

चांगुणाबाई दरवर्षी त्या दिवशी एकदाच विचारायची, "अवो, कुटं हाय ती?" आणि बन्सी म्हणायचा, "नियम हाय." भीमानं जाण्याआधी नवऱ्याला सांगितलं असणार, म्हणून तो रोज दुपारी लेकीपाशी बसून येतो, असं ती समजून चालली होती. त्यावर ती इतकी वर्षं जगली. आपल्यालाच ठाऊक नाही, हे सांगायची बन्सीची छाती कधी झाली नाही.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. तालुक्याहून रोहिणी मॅडम आल्या होत्या, नायब तहसीलदार. बाई वाईट नव्हती. हरकती एकेक करून वाचत होती आणि एकेक करून बाजूला ठेवत होती. काळविटांची या गटात नोंद नाही. गायरानाला पर्यायी जागा देऊ. हरित पट्टा बदलण्याची तरतूद कायद्यातच आहे. पोरांची तोंडं उतरत चालली. मग मार्थाबाई उठल्या. सत्तरीच्या, निम्म्या गावाला पाढे शिकवून निवृत्त झालेल्या.

"माझी हरकत क्रमांक चार," त्या म्हणाल्या. "त्यात मी काळविटांचं लिहिलंय. ते खरं आहे, पण माझी हरकत ती नाही. माझा मुलगा त्या माळात पुरलेला आहे."

शेजारी बसलेल्या कृपादान मास्तरांनी मान खाली घातली. मग पुढच्या ओळीतून सरपंच रामहरीची आई, आक्काबाई, काठीवर भार देत उठली.

"माजा बी हाय."

"आई, खाली बस," रामहरी दबक्या आवाजात म्हणाला.

"तू बस खाली. तुजा थोरला भाऊ हाय त्यो."

त्यानंतर बायका उठतच राहिल्या. कुणी बोललं, कुणी नुसतीच उभी राहिली. रोहिणी मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, दफनभूमी म्हणून कुठं नोंद आहे का. नव्हती. जागा कुणाला ठाऊक आहेत का. सगळ्या माना मागं वळल्या, जिथं भिंतीला टेकून बन्सी बसला होता.

"आजोबा, मंगळवारी मी माळावर येते," मॅडम म्हणाल्या. "जिथं जिथं आहे तिथं खूण करून द्या. मी पंचनामा करीन. तेवढ्या जागा आराखड्यातून वगळू, भोवती बाग करू. मग बाकीच्या जमिनीबद्दल कुणाची हरकत उरणार नाही."

लोकांना हायसं वाटलं. बन्सीनं हिशेब केला. त्र्याऐंशी जागा वाचणार होत्या आणि उरलेल्या माळात जेसीबी फिरणार होता. उरलेल्या माळात कुठं तरी त्याची लेक होती.

ते तीन दिवस बायका त्याच्या दारी येत राहिल्या. जन्मात कधी बौद्धवाड्यात पाऊल न टाकलेली आक्काबाई त्याच्या ओट्यावर बसली आणि चांगुणाबाईच्या हातचा चहा प्यायली. बनुबाईनं जागा विचारलीच नाही. "दोगी जवळ जवळ हायेत का लांब लांब?" एवढंच म्हणाली. बन्सी म्हणाला, "येकाच खड्ड्यात हायेत, बनुबाई. येकमेकीला धरून." ती पदर तोंडात कोंबून निघून गेली.

रविवारी प्रवीण आला. "बाबा, खुणा करून टाका," तो म्हणाला. "ज्याचं त्याला मिळंल, ताईची बी जागा सुटंल, आन आमचं घर बी हुईल. त्या खोलीत पोरांना पाय पसरता येत न्हाईत. धाकटा दप्तराला टेकून झोपतो." तो ताई म्हणाला, कधी न पाहिलेल्या बहिणीला. आणि त्याचं काही चुकत नव्हतं; घर मागणं हा काही गुन्हा नाही. बन्सीनं मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, ते प्रवीणला कळलं नाही.

सोमवारी चांगुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "उद्या समद्यांसंगं मला बी दाखवा. आता कसला नियम? माजी कूस काय आता उजवायची हाय?" असं म्हणून ती चक्क हसली. किती दिवसांनी हसली!

मंगळवारी सकाळी शाळेच्या मैदानाची फक्की, ती पांढरी पूड, दोन पोती भरून टेम्पोतून माळावर आणली. कृपादान मास्तर घमेलं धरून बन्सीबरोबर चालले. बन्सी हिवराला पाठ लावायचा, पावलं मोजायचा, थांबायचा, आणि खाली वाकून फक्कीचं रिंगण काढायचा. मग एका नावानं हाक मारायचा. एक बाई पुढं यायची, वहाणा काढायची आणि रिंगणात उभी राहायची. मार्थाबाई उभ्या राहिल्या नाहीत. त्या गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे जमिनीला लावले. आक्काबाई नुसती म्हणत होती, "येवढ्या जवळ हुतास व्हय रं, येवढ्या जवळ."

उन्हं चढली, झळा नाचायला लागल्या आणि बन्सीनं भीत भीत डोळे वर केले. माणसं उभी राहिली होती. पण सगळी नाहीत. जिथं आई येऊन पोचली होती, तिथलं माणूस दिसत नव्हतं. आक्काबाईच्या रिंगणात आक्काबाईच होती. खडकामागचा तो रुंद कपाळाचा गडी गेला होता. ज्यांच्या आया मरून गेल्या होत्या किंवा सासर-माहेर सोडून लांब गेल्या होत्या, तेवढे उरले होते, रिकाम्या रिंगणांत, गावाकडं तोंड करून.

"त्र्याऐंशी," रोहिणी मॅडमनी कागदावर आकडा लिहिला. "झालं सगळं?"

"आमची ऱ्हायली," चांगुणाबाई म्हणाली. ती सकाळपासून सगळ्यात मागं, पदर सावरून, आपल्या नावाची हाक यायची वाट बघत उभी होती.

सगळ्यांनी बन्सीकडं पाहिलं. त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते.

"मला न्हाई ठाऊक," तो म्हणाला.

"काय न्हाई ठाऊक?"

"तिची जागा. कदीच ठाऊक न्हवती. बाबा जाताना सांगत हुता. म्या त्याचं तोंड दाबलं."

चांगुणाबाई त्याच्याजवळ आली. ती रडली नाही, ओरडली नाही.

"मंग येवढी वर्सं रोज हितं काय करत हुता?"

"हुडकत हुतो."

चांगुणाबाईनं त्याच्या पांढऱ्या हातांकडं पाहिलं. मग तिनं कृपादान मास्तरांच्या हातातलं घमेलं घेतलं, रिंगणांच्या पलीकडं कोऱ्या गवतात गेली आणि तिनं वाकून एक रिंगण काढलं. दहा पावलं पुढं गेली, दुसरं काढलं. तिरपी गेली, तिसरं काढलं. रिंगणं वाकडीतिकडी येत होती.

"आजी," रोहिणी मॅडम तिच्या मागं गेल्या, "तुमचं बाळ एकच होतं ना? मग इतक्या खुणा?"

"ठाऊक न्हाई म्हनून," चांगुणाबाई वर न बघता म्हणाली. "हितं असंल. न्हाईतर हितं असंल. न्हाईतर तितं. तुमीच सांगा बाई, कुटं खनू दिऊ?"

मोजणीला आलेला माणूस वैतागला. "मॅडम, अशानं अख्खा गट जाईल!" घमेल्यातली फक्की संपली. चांगुणाबाईनं रिकामं घमेलं जमिनीवर आपटून शेवटची चिमूट काढली आणि ती तशीच उभी राहिली. प्रवीण कामावर दांडी मारून आला होता आणि टेम्पोला टेकून हे सगळं बघत होता. त्यानं एकदा माळाकडं पाहिलं, जिथं त्याचं घर व्हायचं होतं. मग दुसरं पोतं खांद्यावर घेतलं, आईपाशी येऊन त्याचं तोंड सोडलं आणि घमेलं भरून दिलं.

रोहिणी मॅडम तिथंच एका दगडावर बसल्या आणि लिहायला लागल्या. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतही होत्या. "आणखी एक दफन. जागा अनिश्चित. संपूर्ण गटात कुठंही असण्याची शक्यता असल्यानं गटाच्या कोणत्याही भागात खोदकाम करणं उचित होणार नाही." वर बसलेले लोक या वाक्याचं काय करतील, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तसं त्या बोलल्याही. पण त्यांनी ते खोडलं नाही. "बाळाचं नाव?" त्यांनी विचारलं.

"नाव ठेवलं न्हवतं," बन्सी म्हणाला. "नवव्या दिशीच गेली."

"ठेवलं हुतं," चांगुणाबाई म्हणाली. तिची पाठ त्याच्याकडंच होती, रिंगण काढणं चालूच होतं. "यशोधरा. पोटात हुती तवाच म्या ठेवलं हुतं. म्हनलं, बारशाला सांगीन."

बन्सीनं ते नाव ऐकलं. इतकी वर्षं तो या गवतात लेकीला शोधत फिरला, खडकाआड बघितलं, ओघळीत बघितलं, आणि एवढ्या वर्षांत त्यानं तिला एकदाही हाक मारली नव्हती. मारणार कशी? नावच नव्हतं त्याच्याजवळ. ते घरात होतं, चुलीपाशी, रोज त्याला भाकरी वाढणाऱ्या बाईच्या पोटात, आणि त्यानं तिलाही कधी विचारलं नव्हतं.

त्यानं फक्कीनं माखलेला हात तोंडाशी नेला, तोच हात, आणि जोर लावून हाक मारली, "यशोधरेऽऽ!"

चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या. आणि झळांमध्ये उभी असलेली ती आईविना राहिलेली माणसं, जन्मभर गावाकडंच बघत आलेली, एकेक करून वळली. सगळी एकाच बाजूला बघायला लागली, ओघळीच्या पलीकडं, जिथं अजून एकही रिंगण पडलं नव्हतं. बन्सीनं चांगुणाबाईच्या हातातलं घमेलं घेतलं, दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि दोघं तिकडं चालायला लागली.